षटकोनांची क्विल्ट: कापड कागदावर ग्लूने बसवायचं की धाग्याने?

कागदी साच्यांवर कापडाचे तुकडे दुमडून बसवायचे, ते एकमेकांना शिवायचे आणि मग कागद काढायचे, अशी षटकोनांची क्विल्ट, म्हणजे तुकड्यांची गोधडी, हाताने जोडायची हे ठरलं, कापडं निवडून झाली, की लगेच प्रश्न येतो तो कापड कागदावर बसवायचं कसं याचा, ग्लू पेनने चिकटवून की कच्चे टाके घालून. मी दोन्ही पद्धतींनी भरपूर तुकडे केलेत. दोन्हीचे तुकडे नीट होतात, ग्लूवर छान क्विल्ट पूर्ण करणारे पुष्कळ जण आहेत, तरी मी आता एकाच बाजूची झालेय आणि त्याचं कारण जोडणीत नाही, जोडणी झाल्यानंतरच्या कामात आहे.

आधी ग्लूचं चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. कागदाच्या कडेपासून थोडी आत बारीक रेघ ओढायची, माया, म्हणजे कागदाबाहेर राहिलेली कापडाची कड, दुमडायची, बोटाने दाबायची, असं सहा वेळा केलं की तुकडा तयार. हा वेग किरकोळ समजू नका. १ इंच बाजूचा षटकोन साधारण २.६ चौरस इंच जागा व्यापतो, म्हणजे ६० बाय ८० इंचाच्या क्विल्टला जवळजवळ १८५० तुकडे लागतात आणि घड्या होतात ११,००० च्या वर. दीड इंची षटकोन घेतला तर तुकडे ८२० च्या आसपास येतात, तरी घड्या कमी नाहीतच. तेव्हा एका तुकड्यामागे थोडा वेळ वाचला तरी एकूण खूप वाचतो. शिवाय छापील फूल बरोब्बर मधोमध यायला हवं असेल तर ग्लू कापड जागचं हलू देत नाही.

आता मला जे खटकलं ते. षटकोनाच्या सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडून होईपर्यंत आतला कागद काढता येत नाही, म्हणजे काढता येतो पण मग कड ढिली पडते आणि पुढचा षटकोन नीट जुळत नाही. हे काम सावकाश चालणारं, त्यामुळे एकेक कागद महिनोन् महिने आतच असतो. ताजा ग्लू अलगद सुटतो हे अगदी खरं, बहुतेक जण तेवढंच करून बघतात आणि खूश होतात, पण तोच ग्लू बराच काळ राहिला, मधे दोन-चारदा इस्त्री फिरली, की माया कागदाला पक्की धरून बसते. मग एकेका बाजूला नख घालून ती सोडवायची. मायेला जागा असते पाव इंच, कापड जरा सैल विणीचं असलं की सोडवताना कडेचे धागे निघतात आणि त्या पाव इंचातलं पण कमी होतं, टाका मग अगदी काठावर आल्यासारखा दिसतो. वर कागदाचा पापुद्रा कापडाला चिकटून राहतो तो वेगळाच, आणि ओढाताणीत जोडणीचे बारीक टाके ताणले जातात. इतक्या निगुतीने घातलेले टाके असे ओढले जाताना मला बघवत नाही, खरंच. सुरुवातीला जो वेळ वाचला होता तो इथे जातो, आणि जातो तो पण तयार झालेल्या कामाला धोक्यात घालून. ग्लू अगदी थेंबभर लावला, कडेपासून लांब ठेवला तर त्रास कमी होतो हे मान्य, पण इतक्या घड्यांमधे हात दरवेळी सारखाच पडेल असं निदान माझ्याबाबतीत तरी होत नाही. कडेपर्यंत आलेल्या ग्लूमधून बारीक सुई पण अडखळत जाते.

धाग्याने करायचं तर मी टाके कागदातून घेतच नाही, सगळा फरक तिथे पडतो. एक बाजू दुमडायची, तिच्यावर दुसरी, आणि कोपऱ्यात दोन्ही घड्या पकडून कापडातच दोन छोटे टाके, दोरा न तोडता पुढचा कोपरा, असे सहा. कागद नुसता खिशात ठेवल्यासारखा आत राहतो. कागदाला मधोमध पंचने भोक पाडून ठेवलं असेल तर काढताना क्रोशाची सुई घालून उचलला की येतो बाहेर, कितीही दिवस आत असो. कच्चे टाके उसवायचे पण नाहीत, मागे राहिले तरी चालतात आणि माया जागेवर धरतात, फक्त फिक्या कापडाला गडद दोरा नको, पुढून दिसतो. कागदाला सुई लागलेली नसते म्हणून जाड कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो.

ही पद्धत टिकाऊ आहे म्हणताना मला जुनं काम आठवतं. ब्रिटनमधलं तारीख घातलेलं सगळ्यात जुनं पॅचवर्क मानतात ते १७१८ चं रेशमी पांघरूण, ते पण कागदी साच्यांवर कापड बसवूनच केलेलं. पुढच्या काळातल्या कितीतरी अर्धवट राहिलेल्या क्विल्टमधे मागे कागद अजून तसेच आहेत, जुनी पत्रं, वह्यांची पानं, वर्तमानपत्रं, आणि त्यावरून अभ्यासक कामाचा काळ ठरवतात. काम मधेच बाजूला पडलं तरी काही बिघडत नाही, आणि षटकोनांचं काम मधेमधे बाजूला पडतंच.

अर्थात षटकोन दीड इंचापेक्षा मोठा असेल तर नुसत्या कोपऱ्यांच्या टाक्यांवर लांब कड सैल राहते, तेव्हा कागदातून पण धावदोरा घ्यावा लागतो आणि नंतर उसवावा लागतो, तिथे धाग्याचा फायदा थोडा कमी होतो. गोलाई असलेले आकार, शिंपल्यासारखे वगैरे, तिथे तर मी स्वतः ग्लूच घेते, वळणावर चुण्या नीट बसतात. लवकर संपणारं छोटं काम असेल, एखादी उशी किंवा पिशवी, तर ग्लू कडक व्हायला वेळच मिळत नाही, खुशाल वापरा. फक्त नंतर धुवावं लागेल, म्हणून न धुता येणारं रेशीम असेल तर ग्लू नकोच.

पण पूर्ण पलंगाची क्विल्ट मनात असेल आणि षटकोन एक इंची असतील, तर बारीक सुई, पॉलिएस्टरचा स्वस्त दोरा घ्या आणि कोपरे टाचायला बसा. पहिले काही तुकडे हळू होतील, मग हाताला वळण पडतं आणि गप्पा मारता मारता तुकड्यांचा ढीग तयार होतो. ग्लू पेन असेल तर टाकून देऊ नका, कागदाच्या मधोमध एक ठिपका लावायला कामाला येतो, टाचताना कापड सरकत नाही आणि एवढासा ठिपका नंतर सहज सुटतो.