अठरा हजारांची वंशावळ

बाबा गेले त्या वर्षी माझ्या डोक्यात वंशावळीचं खूळ शिरलं. पणजोबांच्या वरचं नाव घरात कोणालाच सांगता येईना. नात्यातल्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेला गृहस्थ म्हणाला, "पेशवे दफ्तरात माझी रोजची ऊठबस आहे दादा. गाव आणि ठाऊक असलेली नावं सांगा, बाकी माझ्यावर सोडा." पुढे फोनवर मी तासभर सांगत बसलो. गाव महाड तालुक्यातलं, आजोबा-पणजोबांची नावं, आणि आमचा कोणी पूर्वज रायगडावर चाकरीला होता असं आजी म्हणायची, तेही. कागद तयार करायला त्याला लागणारा सगळा माल मीच पुरवला.

आधी पाच हजार, मग "रुमाल सोडवायला" (म्हणजे जुन्या कागदांचं कापडी गाठोडं उघडायला) आठ, मग "आतल्या माणसाचे" पाच. हे तिसरे पाच देतानाच शहाणं व्हायला हवं होतं.

दोन महिन्यांनी कुरियरनं पिवळट कागद आला. वर मोडी, खाली देवनागरी. नऊ पिढ्या, आणि सगळ्यांत वर गडावरचा हवालदार! मी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला. आईनं हळदकुंकू वाहिलं.

दिवाळीत पुतणी आली. तिनं मोडीचा वर्ग केलाय. फ्रेमपुढे बराच वेळ उभी राहून म्हणाली, "काका, मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. शब्द असे सुटे नसतात. आणि हे सगळे 'क' बघा, एकाच छापाचे." मग तिनं शेवटची ओळ वाचली: सन १८९७, तालुका महाड, जिल्हा रायगड. अहो, कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला १९८१ साली! वर कडी म्हणजे, मी फोनवर चुकून पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं होतं. कागदात पणजोबा म्हणून तेच.

सध्या कुणबी नोंदींसाठी लोक धावपळ करताहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. हा कागद जात पडताळणीला लावला असता तर आरोपी मीच ठरलो असतो. कोणी "नोंद सापडली" म्हणालं तर आधी विचारा: कुठल्या कार्यालयातली, कुठलं रजिस्टर, कितवं पान? आणि कार्यालयाचा शिक्का असलेली नक्कल स्वतः अर्ज करून घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मिळालं तर जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. मला तीन खेपा पडल्या, खर्च एसटीचा आणि किरकोळ फीचा. खापरपणजोबांचं नाव मिळालं. त्याच्या वर काही नाही, हवालदार तर नाहीच.

पोलिसांकडे गेलो तेव्हा त्यांनी पावती मागितली. ती नव्हतीच. मोबाईलवरून पैसे पाठवताना त्यानं शेऱ्यात काय लिहायचं तेही सांगितलं होतं, आणि मी तिन्ही वेळा निमूटपणे लिहिलं होतं: "उसने परत."