ॲसायक्लोव्हिर 800, पाण्यात विरघळणारी गोळी : आईच्या नागिणीतील सात दिवसांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या 74 वर्षांच्या आईला नागीण झाली. डाव्या कुशीत दोन दिवस नुसती आग होत होती आणि आम्ही ती चमक भरली असे समजत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला आणि बेंबीपाशी एखादी रेघ आखावी तसा थांबला. उजवीकडे एकही फोड नव्हता. परळच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंनी मायेने गेरू उगाळून आणला आणि नागिणीचे तोंड-शेपूट जुळू देऊ नका, असे बजावले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागताच ॲसायक्लोव्हिरचे मलम दिले. तो पूर्ण दिवस मलम लावण्यात गेला, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. नागिणीचा विषाणू मज्जातंतूतून त्वचेकडे येत असतो. त्याला वरून लावलेले मलम पुरे पडत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ॲसायक्लोव्हिरचीच गोळी लिहून दिली : 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे एकूण 35 गोळ्या. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरुवात झाली तरच तिचा खरा उपयोग होतो, आणि आम्ही वेळेत पोहोचलो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ही गोळी नेमके काय करते, हे सांगितल्याशिवाय तिच्याविषयी मत देणे मला अपुरे वाटते. आईला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. तोच व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू इतकी वर्षे कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या एका गाठीत पडून होता. अशा एका गाठीतून निघणारा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या एकाच पट्ट्याला जातो, म्हणून प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसात फोड सहसा मध्यरेषा ओलांडत नाहीत. तोंड-शेपटाची भीती आम्ही आईच्या मनातून या एका वाक्याने काढली.

या विषाणूकडे सत्तरच्या आसपास जनुके आहेत, पण प्रथिने बनवण्याची यंत्रणा, ऊर्जा आणि पेशीच्या आत हलण्याची सोय, हे सारे तो आपल्याच पेशीकडून घेतो. या कुळातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला विषाणू म्हणजे तापानंतर ओठांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स. तो पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांना चिकटतो आणि नेक्टिन-1 या प्रथिनाला धरून आत शिरतो. हे प्रथिन एरवी शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवण्याच्या कामी येते. आत गेल्यावर पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून माल वाहणारे डायनीन हे प्रथिन त्याला केंद्रकाच्या दिशेने नेते. त्याची जनुके वाचण्याचे काम आपल्याच पेशीचे विकर (एन्झाइम) करते, आणि ते वाचन सुरू व्हावे म्हणून विषाणूचे एक प्रथिन आपल्या एचसीएफ-1 आणि ऑक्ट-1 या प्रथिनांशी जोडी जमवते. 2021 मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, हा विषाणू त्वचेच्या पेशीतून बाहेर पडताना तिचे कायनेसिन हे वाहक प्रथिन सोबत उचलतो आणि पुढे मज्जापेशीत केंद्रकापर्यंतचा शेवटचा टप्पा त्याच्याच जोरावर गाठतो. एका पेशीतून घेतलेली वस्तू दुसऱ्या पेशीत वापरण्याची ही तऱ्हा वाचली, तेव्हा मी त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवून वर्गात हेच शिकवले होते.

इतके सगळे आपलेच वापरणाऱ्या विषाणूला मारायचे आणि आपल्या पेशीला धक्का लावायचा नाही, ही अडचण या गोळीने ज्या रीतीने सोडवली आहे, तिला मी पूर्ण गुण देते. पोटात जाणारे ॲसायक्लोव्हिर निष्क्रिय असते. त्याला पहिला फॉस्फेट जोडण्याचे काम विषाणूचे स्वतःचे थायमिडीन कायनेज हे विकर करते, त्यामुळे ज्या पेशीत विषाणू जागा झालेला नाही, तिथे औषध जवळजवळ स्वस्थच राहते. दुसरा आणि तिसरा फॉस्फेट मात्र आपल्या पेशीचीच विकरे जोडतात. म्हणजे ज्या पेशीच्या यंत्रणेवर विषाणू पसरतो, तीच यंत्रणा औषधालाही तयार करून देते. मग विषाणूचा डीएनए लांबवला जात असताना हा खोटा घटक साखळीत बसतो आणि साखळीची वाढ तिथेच थांबते. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे औषध आकाराला आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रत्यक्ष वापराबद्दल सांगायचे तर गोळी मोठी आहे, पण पाण्यात विरघळणारी असल्याने आईला गिळण्याचा त्रास झाला नाही. फुलपात्रात दोन-तीन मिनिटांत ती फुटते आणि तळाशी खडूसारखा पांढरा गाळ बसतो. पुन्हा थोडे पाणी घालून तो पिऊन टाकावा लागतो, नाहीतर औषधाचा काही भाग भांड्यातच राहतो. तोंडावाटे घेतलेल्यापैकी पाचवा हिस्साच जेमतेम रक्तात पोहोचतो, म्हणून पाच वेळा घ्यावी लागते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या वेळा मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवल्या होत्या. औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचू नयेत म्हणून पाणी भरपूर प्यावे लागते. आईच्या वयाकडे पाहून डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणीही करून घेतली. चौथ्या दिवसापासून नवे फोड आले नाहीत आणि दहाव्या दिवशी खपल्या धरल्या. तोपर्यंत कांजिण्या न झालेल्या माझ्या भाचीला आम्ही आजीपासून दूर ठेवले होते.

उणिवाही आहेत. झोपलेल्या विषाणूला ही गोळी काहीच करत नाही, कारण तो थायमिडीन कायनेज बनवतच नाही. फोड वाळल्यावरचा ठणका ती टाळेलच, असेही नाही. आईला तो सहा आठवडे पुरला आणि त्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागले. दुकानदाराने शेवटची पट्टी अशी कापून दिली की तिच्यावर औषधाचे नाव आणि मुदत दोन्ही उरली नव्हती, तेव्हा पूर्ण पट्टी मागून घ्यावी. ज्यांना पाच वेळा जमणार नाही, त्यांनी डॉक्टरांना व्हॅलासायक्लोव्हिरबद्दल विचारावे. तेच औषध व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून दिलेले असते, आतड्यातून कितीतरी अधिक शोषले जाते, यकृतातील आपलीच विकरे तो व्हॅलिन सोडवतात आणि दिवसातून तीन वेळा घेतले तरी पुरते. पुन्हा वेळ आली तर मी आईसाठी तेच मागेन, आणि मलमावर एक दिवसही घालवणार नाही.