गरम पाण्याचा १५० लिटरचा सिलिंडर: आठ महिने वापरल्यावर

पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर म्हटलं असतं, डोळे झाकून घ्या. पाचव्या महिन्यात लिहिलं असतं तर कुणी फुकट दिला तरी नको म्हटलं असतं. आता आठ महिने झालेत, मधला सगळा घोळ निस्तरलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सिलिंडर म्हणजे गरम पाणी साठवायची टाकी. आमच्याकडे घर गरम ठेवणारा बॉयलरच या सिलिंडरलाही उष्णता पुरवतो. बॉयलरचं पाणी सिलिंडरच्या पोटातल्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून, फिरून परत जातं, नळाच्या पाण्यात ते मिसळत नाही. गार पाणी खालून आत येतं, तापलेलं वरून निघतं. बॉयलर बंद पडलाच तर ३ किलोवॅटचा विजेचा हीटरही आत आहे. घरात आम्ही चौघं. पहिले तीन महिने सकाळी एकापाठोपाठ चौघांच्या आंघोळी व्हायच्या आणि भांड्यांनाही गरम पाणी उरायचं.

चौथ्या महिन्यात एक गळका रेडिएटर (बॉयलरच्या पाण्याने खोली गरम ठेवणारं पॅनेल) बदलला. त्याच सुमाराला आईसाठी बाथरूममध्ये हँड शॉवर बसवून घेतला, कारण गुडघ्यांमुळे ती स्टुलावर बसून आंघोळ करते. आठवडाभरात तिची तक्रार सुरू झाली, "अगं, पाणी नुसतं कोमट येतंय." थंडीत ती कशीबशी आंघोळ उरकून कुडकुडत बाहेर यायची, ते बघवत नव्हतं. फिटरला बोलावलं. त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारं बटण, ६० वरून ६५ वर नेला, फरक पडला नाही, तेव्हा म्हणाला, "सिलिंडर लहान पडतोय, मोठा घ्या." माणसं तीच, आंघोळी त्याच, मग तीन महिने पुरलेला सिलिंडर आत्ताच कसा लहान झाला? हे काही पटेना.

मग स्वयंपाकातला थर्मामीटर आणि दहा लिटरची बादली घेऊन मीच कामाला लागले. सिलिंडर पूर्ण तापल्यावर सिंकचा गरम नळ सोडला आणि ओळीने चार बादल्या भरल्या. ४४, ४४, ४३, ४४ अंश. सिलिंडरवरचा काटा मात्र ६५ दाखवत होता. पाणी संपत आलं असतं तर पहिली बादली कडक आणि पुढच्या उतरत गेल्या असत्या. इथे पहिल्या थेंबापासून सारखंच कोमट, म्हणजे वाटेत कुठेतरी गार पाणी मिसळत होतं.

पण आणखी एक गोष्ट खटकत होती. एकदा सिलिंडर रिकामा झाला की पुन्हा तापायला जवळजवळ तीन तास लागायचे. हिशेब केला: १५० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. बॉयलरने कॉइलला १५ किलोवॅट दिले तरी हे काम अर्ध्या तासाचं. तीन तास म्हणजे जवळपास विजेच्या हीटरचा वेग. एका लक्षणामागे दोन दुखणी होती, आणि एक दुसऱ्याला झाकत होतं.

आधी दुसरं धरलं. सिलिंडर गार असताना बॉयलर सुरू केला आणि वीस मिनिटांनी कॉइलच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला (नुसता टेकवायचा, मुठीत धरायचा नाही, भाजतं). कॉइलकडे जाणारा पाइप चटका देणारा, परतीचा जवळजवळ गार. या दोन पाइपांत सगळं निदान आहे. दोन्ही गार असतील तर मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह उघडत नाहीये किंवा पंप चालत नाहीये. दोन्ही कडक, बॉयलर सारखा बंद-चालू होतोय आणि तरी सिलिंडर तापत नाही, तर कॉइलवर क्षारांचा थर असण्याची शक्यता मोठी, कारण उष्णता पाण्यात न उतरता तशीच परत जाते. आमच्यासारखा एक कडक आणि एक गार असेल तर पाणी नीट फिरतच नाहीये. रेडिएटर बदलताना सगळी लाइन रिकामी करून पुन्हा भरली होती, त्यात कॉइलच्या उंच टोकाला हवा अडकली.

हवा सोडायचा स्क्रू इन्सुलेशनच्या आड इतका आत आहे की तो शोधायलाच अर्धा तास गेला. किल्लीने पाव आटा फिरवल्यावर सूंऽऽ करत बरीच हवा गेली, मग फुर्र करून काळपट पाणी उडालं, मग सरळ धार लागली. परतीचा पाइप पाच मिनिटांत कोमट, दहा मिनिटांत गरम. बॉयलरचं प्रेशर १ बारच्या खाली उतरलं होतं ते भरून घेतलं. त्या दिवशी सिलिंडर पस्तीस मिनिटांत तापला.

नळाचं पाणी तरीही ४४ वरच. त्यासाठीची परीक्षा साधी आहे. बॉयलर आणि विजेचा हीटर दोन्ही बंद करा, सिलिंडरला येणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि कुठलाही गरम नळ सोडा. पाइपात उरलेलं पाणी येऊन धार थांबायला हवी. आमची थांबेचना, उलट पाणी गारढोण झालं. गार पाणी दुसऱ्याच वाटेने गरम लाइनमध्ये घुसत होतं.

ती वाट होती आईचा हँड शॉवर. त्याच्या मुठीवर बटण आहे. आंघोळ झाली की आई बटण बंद करायची, मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, मात्र उघडाच राहायचा. मग मिक्सरच्या आत गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि दुसरीकडे गरम नळ उघडला की गार पाणी तिथून शिरतं. हे होऊ नये म्हणून मिक्सरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपा, असतात. आमचा एक काढून पाहिला, तर बोटाच्या पेराएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात पांढरे क्षाराचे कण अडकून झडप अर्धवट उघडी राहिली होती. दोन्ही नवे घातले. लगेच बादली भरली: ५९.

आता सिलिंडरबद्दल. रात्री बॉयलर बंद केला तर ६० चं सकाळी ५६ होतं, हे इन्सुलेशन उत्तम आहे. काटा मात्र फक्त वरच्या भागाचं तापमान दाखवतो, खाली गार पाणी भरलेलं असतं तेव्हाही तो ६० दाखवतो, त्यामुळे त्यावरून पाणी किती उरलंय ते कळत नाही. स्क्रूच्या जागेबद्दल माझी खरोखर तक्रार आहे. थर्मोस्टॅट पुन्हा ६० वर आणलाय. वीज-गॅस वाचवायला तो ६० च्या खाली उतरवू नका, कोमट साठ्यात फुप्फुसांचा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नळापाशी तापमान कमी करणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा. सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका, ते जाणकाराचं काम.

हँड शॉवर काढला नाही, आईला तो सोयीचा आहे. आंघोळ झाली की मिक्सर बंद करायला ती आता स्वतःच विसरत नाही, आणि परवा मलाच आतून हाक मारून म्हणाली, "जरा गार सोड गं, फार कडक आहे."