हनी गुरामी: सात-आठ महिने पाळल्यावर

दुकानात हे मासे बघून कोणी घेणार नाही. फिकट, करडे, कोपऱ्यात दबून बसलेले. घरी दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर आणि वर भरपूर तरंगत्या वनस्पती एवढ्यावर नराला मधासारखा रंग चढला. पुढे घसा-पोट निळसर काळं झालं. मादी मात्र फिकटच, अंगावर एक आडवा तपकिरी पट्टा. हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने 1822 मध्ये गंगेतल्या माशांचं वर्णन करताना नर-मादीला दोन वेगळ्या जाती ठरवलं, त्यात नवल नाही.

स्वभाव गरीब. पोटाखालच्या दोन धाग्यांनी समोर येईल ती वस्तू चाचपत फिरतात. धागे कुरतडणारे टायगर बार्ब सोबत नकोत. पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यामुळे लाइट जाऊन फिल्टर बंद पडला तरी जिवाला घोर नाही. पुण्याच्या थंडीत हीटर मात्र हवाच. ‘सनसेट’ नावाने कधीकधी जाड ओठांचा गुरामी गळ्यात मारतात. तो बराच मोठा होतो, नीट बघून घ्या.

पिल्लं काढायला वेगळी टाकी केली. पाणी जेमतेम वीतभर, 27-28 अंश, फिल्टर अगदी मंद. नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. बेट्टाच्या (फायटर माशाच्या) तुलनेत अगदीच गबाळं. मग मादीपुढे उभा राहून काळं पोट दाखवत तिला घरट्याखाली नेतो. अंडी घातली की मादीला बाहेर काढायचं, नाहीतर तो तिला हुसकून बेजार करतो. निसटून खाली येणारं अंडं तोंडात धरून तो परत बुडबुड्यांत थुंकतो. हे बघण्यात माझा स्वयंपाक दोनदा करपला.

दीड दिवसात अंडी फुटतात. पिल्लं सुटी पोहू लागली की नरालाही काढा. खरी परीक्षा इथून. तोंड इतकं बारीक की आर्टेमियासुद्धा (पिल्लांना देतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) मोठा पडतो. पहिला आठवडाभर इन्फ्यूसोरियाच, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीवच लागतात. म्हणून जोडी सोडायच्या आधीच टाकीच्या पाण्यात वाळलेलं बदामाचं पान आणि केळ्याची साल टाकून बरणी तयार ठेवायची. पिल्लांच्या टाकीचं झाकण मात्र घट्ट, कारण हवा घ्यायला शिकणाऱ्या पिल्लांना वरची गार हवा बाधते.

वाढ फार असमान होते, मोठी पिल्लं धाकट्यांना खाऊच देत नाहीत. त्यात दुकानदार रंग चढेपर्यंत पिल्लं घेत नाही, तेव्हा तिसरी टाकी ठेवायला जागा असेल तरच या भानगडीत पडा.