अल्माटीत मी माझ्याच बोटानं बुकिंग कॅन्सल केलं

आधी आकडा सांगते. कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात, त्या हॉटेलात पाच रात्रींचे आमचे ९०,००० तेंगे (तिथलं चलन) व्हायला हवे होते. तेव्हाच्या दरानं साधारण १५,३८५ रुपये. प्रत्यक्षात गेले ३१,१२७. म्हणजे १५,७४२ रुपये आम्ही अक्षरशः हातानं काढून दिले. दोन पगार असलेल्या घराला एवढ्यानं काही होत नाही हे मलाही कळतं. पण सहा महिने झाले तरी रात्री आठवण आली की झोप उडते, कारण हे पैसे कुणी खिशातून मारले नाहीत. माझ्याकडून काढून घेतले, माझी संमती घेऊन.

मी शाळेत शिकवते, सांगलीला. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकून आम्ही चौघं निघालो: मी, हे, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. पुणे, दिल्ली, तिथून थेट अल्माटी. जुलै २०२२ पासून भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून आमच्यासारखी मध्यमवर्गीय कुटुंबं हल्ली तिकडे वळतात. तिकिटापासून थर्मलपर्यंत सगळं मीच ठरवलं होतं. विमानतळावर टॅक्सीवाले अंगावर येतात हे वाचलं होतं, म्हणून यांडेक्स हे टॅक्सीचं ॲप भारतातूनच टाकून नेलं. आमचं विमान ७ नोव्हेंबर २०२४ ला पहाटे १:४० ला उतरणार होतं. अशा वेळी बुकिंग आदल्या तारखेपासून करावं लागतं, नाहीतर दुपारी दोनपर्यंत खोली मिळत नाही, हेही मला माहीत होतं. म्हणून मी ६ तारखेपासूनच पाच रात्री घेतल्या होत्या आणि पहाटे येणार असल्याचा मेसेज हॉटेलला टाकून ठेवला होता. त्यांचं 'ओके' आलं होतं. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण नंतर भेटेल तो म्हणाला, "नीट बघून जायचं ना."

हॉटेल रायिम्बेक प्रॉस्पेक्टच्या आतल्या अंगाला. रस्त्यावर पाटी नाही, जुन्या सोव्हिएत इमारतीच्या मागच्या अंगणातून दार. ज्या ॲपवरून बुकिंग केलं त्यावर रेटिंग ८.६. आम्ही पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते, थंडी शून्याच्या आसपास, आणि आईंचे गुडघे विमानात बसून आखडलेले. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

काउंटरवर पंचविशीचा एक मुलगा. तिकडे त्याला 'अद्मिनिस्त्रातोर' म्हणतात. फोनवरच्या ट्रान्सलेटरमध्ये बोलून तो स्क्रीन आमच्याकडे वळवायचा. पहिलं वाक्य: तुम्ही ६ तारखेला आला नाहीत, सिस्टिमनं तुम्हाला नो-शो टाकलंय, खोली आज दुपारनंतर मिळेल. मी मेसेज दाखवला. त्यानं खांदे उडवले. मग दुसरं वाक्य: ॲपवरचं बुकिंग कॅन्सल करा, आत्ताच्या आत्ता खोली देतो, तीही स्वस्तात. १८,००० ऐवजी रात्रीचे १५,००० तेंगे. ॲपचं कमिशन वाचतं, ते तुम्हाला देतो.

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं.

कारण त्या क्षणी माझ्या हातातल्या फोनवर बुकिंग उघडं होतं आणि त्यावर हिरव्या अक्षरात 'कन्फर्म्ड' लिहिलेलं होतं. नो-शो असतं तर ते हिरवं कसं दिसलं असतं? आणि नो-शो झालेलं बुकिंग मला पुन्हा कॅन्सल कशाला करायला लावतोय? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. पाचवीच्या मुलांना मी हेच शिकवते, की दोन विधानं एकमेकांशी जुळतात का ते आधी बघा. आणि मी डोळ्यासमोरचं हिरवं अक्षर सोडून त्याच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला. मागे आई उभ्या, मुलगा बॅगेवर डोकं टाकून झोपलेला, आणि हे म्हणत होते, "अगं, एवढ्या रात्री कुठं शोधणार दुसरं? तीन हजार कमीच करतोय की." मी कॅन्सलची विनंती पाठवली. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर शुल्क माफ करून तिथल्या तिथं मंजूर केली. पहाटेचे ३:१० झाले होते. ती वेळ त्या ईमेलवर आहे.

त्या एका बटणानं काय झालं ते नीट समजून घ्या. ॲपच्या दृष्टीनं आम्ही त्या हॉटेलात कधी गेलोच नाही. दर बदलला तर दाखवायला कागद नाही, तक्रार करायला बुकिंग नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे कॅन्सल केलेल्या पाहुण्याला रिव्ह्यू लिहिता येत नाही. मग ते ८.६ कसं टिकतं हे मला वेगळं सांगायला नको.

पैसे त्यानं डॉलरमध्ये मागितले. ७५,००० तेंग्यांचे त्यानं १६० डॉलर धरले. डॉलरला तेव्हा ४९० च्या वर तेंगे मिळत होते, त्यानं ४७० नं हिशेब केला. तेवढं माझ्या लक्षात आलं होतं, पण तिथं घासाघीस करायचं त्राण नव्हतं. वर ५० डॉलर डिपॉझिट, जाताना परत. एकूण २१० डॉलर, पुण्याहून ८५.५० नं घेतलेले, म्हणजे १७,९५५ रुपये. पावती मागितली तर म्हणाला, मशीन बंद आहे, 'झाफ्त्रा'. झाफ्त्रा म्हणजे उद्या. हा शब्द पुढचे पाच दिवस मी इतक्यांदा ऐकला की आता तो कानावर आला तरी अंगावर काटा येतो. चौकटीच्या वहीत, आपल्या गणिताच्या वहीसारख्याच, त्यानं माझं आडनाव लिहिलं आणि पुढे ५ आकडा काढला. पेन्सिलीनं. मग नोंदणीसाठी म्हणून चारही पासपोर्ट घेतले आणि ड्रॉवरमध्ये टाकले.

पासपोर्ट कुणाला ठेवू देऊ नका. बघायचा, स्कॅन करायचा आणि तिथंच परत द्यायचा, एवढंच त्यांचं काम. तुम्ही समोर उभे राहा.

पहिला दिवस झोपेत आणि ग्रीन बझारमध्ये गेला. पासपोर्ट मागितले की झाफ्त्रा. ८ तारखेला सकाळी आईंसाठी गरम पाणी आणायला खाली गेले तर काउंटरवर वेगळीच बाई. तिनं वही उघडली आणि बोटानं दाखवलं: दोन रात्री. आज खोली सोडा. मी म्हटलं पाच रात्रींचे पैसे दिलेत. कुणाला दिले? तो रात्रीचा मुलगा. तो आता इथे काम करत नाही.

मी वही ओढून घेतली. आकडा २ होता. पण खाली कागद खरवडलेला होता, खोडरबरानं पेन्सिल पुसल्यावर राहतो तसा, आणि उजेडाकडे तिरपं धरलं की आधीच्या ५ चं पोट आणि वरची आडवी रेघ अजून दिसत होती. वीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासतेय. खाडाखोड मला कळते. मी पटकन फोटो काढला, तोवर तिनं वही काढून घेतली.

मग हिशेब आला. उरलेल्या तीन रात्रींचे १८,००० प्रमाणे ५४,००० तेंगे. शिवाय 'रजिस्ट्रेशन' माणशी ५,००० प्रमाणे चौघांचे २०,०००. एकूण ७४,०००. ते दिले की पासपोर्ट. खरं म्हणजे परदेशी पाहुणा आल्याची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायची जबाबदारी हॉटेलची असते, पाहुण्याकडून त्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच येत नाही. हे मला संध्याकाळी कळलं. सकाळी मला फक्त ड्रॉवर दिसत होता. आई जिन्यावरून म्हणाल्या, "पोरी, दे ते पैसे, आधी पासपोर्ट हातात घे." मी कार्ड दिलं, पिन टाकला. १२,६५० रुपये, त्यावर बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर जीएसटी, मिळून १३,१७२.

पिन टाकू नये म्हणणाऱ्यांनी आपले पासपोर्ट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असताना उभं राहून दाखवावं. पैसे भरलेच होते म्हणून आम्ही ११ तारखेपर्यंत तिथंच राहिलो. तेही चूक असेल. पण चार बॅगा आणि आईंचे गुडघे घेऊन बर्फात दुसरं हॉटेल शोधायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. ५० डॉलर डिपॉझिटचं काय, तर जाताना उत्तर मिळालं की ते रात्रीच्या मुलाकडे.

आता तक्रारींचं सांगते. ती फसवणुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

त्याच दुपारी आम्ही जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. अडीच तास बाकावर बसवलं. मग एका अधिकाऱ्यानं एकच शब्द विचारला, "चेक?" म्हणजे पावती. तिथे दुकानदारानं, हॉटेलवाल्यानं प्रत्येक व्यवहाराला मशीनची पावती द्यायचा नियम आहे. मी नाही म्हटलं. "चेका न्येत," म्हणजे पावती नाही, तो सहकाऱ्याला म्हणाला, आणि तिथंच प्रकरण संपलं. फोटो दाखवला तर हसला. तक्रार लेखी हवी तर रशियन किंवा कझाकमध्ये द्या, दुभाषी तुमचा तुम्ही आणा. पावती न देणं हाच ज्याचा गुन्हा, त्याच्याविरुद्ध पावती दाखवा म्हणणारे पोलीस! अडीच तासांत मुलाला पाणी कुणी विचारलं नाही.

ॲपवाल्यांना मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं: "आपण हे बुकिंग स्वतः रद्द केले असल्याने आम्ही मदत करू शकत नाही." बुकिंग रद्द करायला लावून रोख घेणं ही त्यांच्याच कमिशनची चोरी आहे, निदान त्यासाठी तरी त्यांनी हॉटेलला विचारावं, असं मी तिसऱ्या पत्रात लिहिलं. त्यावरही तेच वाक्य. फोनवरच्या मुलीला मी विचारलं, पहाटे ३:१० ला, चेक-इनच्या वेळी, एखादं कुटुंब आपणहून बुकिंग का रद्द करेल? ती म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये कारण 'पाहुण्याची विनंती' असं आहे."

बँकेनं ४१ दिवस घेतले. फॉर्म, मग त्याची सही जुळत नाही म्हणून पुन्हा फॉर्म, मग हॉटेलची पावती जोडा. शेवटी दोन ओळी: व्यवहार पिन टाकून झालेला आहे व सेवा घेतलेली आहे, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. प्रवास विम्यात फसवणूक बसत नाही. इथल्या ठाण्यात गेलो तर प्रकार परदेशात घडलाय म्हणाले, नोंदच नाही. ह्यांचे एक मित्र वकील आहेत, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण वहिनी, तुम्ही कॅन्सल केलंतच कशाला?"

जिथं गेले तिथं सगळ्यांचं बोट माझ्याकडे. तू रद्द केलंस, तू रोख दिलेस, तू पिन टाकलास. त्या मुलानं काय केलं याची चौकशी एकानंही केली नाही. मला शरम वाटते, ती आहेच. पण चौघांना थंडीत उभं करून खोटं बोलून पैसे काढणारा चोर आहे, आणि मी चोर नाही, एवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं.

तुम्ही जाणार असाल तर, काउंटरवरचा माणूस 'कॅन्सल करा' म्हणाला की तिथंच, त्याच्यासमोर, ॲपच्या मदत क्रमांकाला फोन लावा. बहुतेक वेळा खोली लगेच सापडेल. ॲपमध्येच पैसे भरता येत असतील तर भरून टाका, पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी. पहाटेचं विमान शक्यतो घेऊच नका, आणि घेतलंत तर पहिली रात्र मुख्य रस्त्यावरच्या, पाटी असलेल्या हॉटेलात काढा. डॉलर दाखवू नका, तेंगे द्या. मशीनची छापील पावती मिळाल्याशिवाय नोट हातातून सोडू नका. पेन्सिलीनं लिहिलेल्या कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवू नका, वहीचा फोटो लिहिल्या लिहिल्या काढा. मी तो पहिल्या रात्री काढला असता तर ५ आकडा आज माझ्याकडे असता. आणि हॉटेलचे सर्वांत कमी गुणांचे रिव्ह्यू आधी वाचा. मी परत आल्यावर वाचले. त्यात एका बाईनं रशियनमध्ये रात्रीच्या पाळीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, मला ट्रान्सलेट करायचं सुचलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मिरजेच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. मे महिन्यात सहाजण अल्माटीला जाताहेत, हॉटेल ठरलंय. नाव ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले. तेच. रेटिंग आता ८.७ आहे. त्यांना मी हे सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, आणि त्यांनी फोन चालू असतानाच दुसरीकडे बुकिंग केलं. रात्री मी ॲपवाल्यांना पाचवं पत्र लिहिलं, खरवडलेल्या वहीचा फोटो मोठा करून जोडला, ५ च्या वरच्या रेघेवर लाल गोल करून. अजून उत्तर नाही.