डी डियॉन ॲक्सल किट: नळी झकास, स्प्रिंगचा हिशेब चुकलेला

माझी स्पर्धेची गाडी मला धरून 640 किलो भरते. इतक्या हलक्या गाडीत डिफरन्शियलचं (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं) धूड चाकांबरोबर वरखाली नाचत असेल, तर प्रत्येक खड्ड्याला मागचं टोक उडणारच. त्यात गाडी सुटताना प्रॉपशाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याच्या) पिळामुळे मागचं एक चाक हलकं पडून नुसतं गरगरायचं. म्हणून लाइव्ह ॲक्सल (डिफरन्शियल पोटात असलेला अखंड ॲक्सल) काढून हे किट बसवलं. पूर्ण सीझन चालवून मग लिहिते आहे.

डी डियॉनमध्ये डिफरन्शियल चॅसीला पक्कं होतं, पण दोन्ही चाकं एका वाकवलेल्या नळीनं जोडलेलीच राहतात. त्यामुळे वळणात गाडी कलली तरी टायर रस्त्यावर सपाट टेकलेले. कल्पना 1890च्या दशकातली आहे आणि आजही हलक्या गाडीला तिच्याइतकं सोपं उत्तर मला दुसरं दिसत नाही. स्प्रिंगखालचं, म्हणजे चाकांबरोबर वरखाली होणारं वजन माझ्या काट्यावर 22 किलोंनी उतरलं. खडबडीत वळणातून निघताना आता थ्रॉटल कितीतरी आधी देता येतो.

ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड 800 मिमीचा आहे. गाडी उभी असताना तो आडवा सपाट ठेवा. मग ॲक्सल 40 मिमी उचलला तरी बाजूला जेमतेम 1 मिमी सरकतो. तेच काम आणखी नेमकं करणाऱ्या वॅट लिंकेजसाठी अडून बसू नका.

दोरे बांधून पाहिलं तर डावं चाक 2 मिमी टो-आउट (पुढच्या कडेनं बाहेर वळलेलं) निघालं; वेल्डिंगची ओढ असणार. मागे टो-आउट असेल तर ब्रेकवर गाडी शेपूट हलवते. शिम (पातळ चकत्या) किटमध्येच आहेत, अर्ध्या तासाचं काम.

खरा राग आहे तो स्प्रिंगांवर. दर चाकामागे गाडीचं 140 किलो वजन पेलायचं, आणि पहिल्याच दिवशी मागचं टोक मऊ वाटलं. स्प्रिंगा काढल्या, ॲक्सल जॅकवर सरळ 10 मिमी उचलला आणि व्हर्नियर लावला: शॉक (ज्यावर स्प्रिंग बसते तो डॅम्पर) 8 मिमीच दबला. तीनदा मोजलं, तीनदा तेच. शॉक तिरका असल्यानं स्प्रिंग कमी दबते, आणि तिचा जोरही चाकाशी कमी पोचतो. म्हणजे 0.8नं दोनदा गुणायचं. माहितीपुस्तिकेत एकदाच गुणलंय! 35 न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगेतून चाकाला 28 मिळतात असं छापलंय, मिळतात 22.4. मागच्या टोकाची सेकंदाला 2.25 आंदोलनं हवी होती, पडत होती 2.

मी 43.8च्या स्प्रिंगा घातल्या, बरोबर 28 आले. डॅम्परचा रीबाउंड (दबून परत उघडतानाचा अटकाव) दोन क्लिक घट्ट केला आणि गाडी पहिल्यांदा मनासारखी बसली. बनवणाऱ्यांना मोजमापं पाठवून दोन महिने झाले, उत्तर नाही. नळी, हब, रॉड डोळे मिटून घ्या. स्प्रिंगा मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. आधी शॉक बसवा, जॅक लावून मोजा आणि मग मागवा.