जादा डिझेल टाकीच्या नादात माझे ६७,६०० गेले, तुमचे घालवू नका

लिहायला लाज वाटतेय. पंधरा वर्षं पिकअप चालवतोय आणि एका टाकीत फसलो.

रात्री माल भरून लांब जायचं, वाटेतले पंप बंद नाहीतर रांग, म्हणून केबिनच्या मागे हौद्यात जादा टाकी बसवायची होती. एका फिटरकडे गेलो. नवी १२० लिटरची टाकी २२,५००, फिटिंग ३,५०० आणि "आरटीओचं पासिंग मी बघतो" त्याचे ४,०००. टाकी-फिटिंगचे २६,००० फोनवरून दिले, पासिंगचे रोख. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लागेल, मग मीपण गप्प बसलो. बिल नाही तर टाकी नाही, हे आता कळतंय.

खरी चूक तिथेच झाली, त्याच्या दारात. टाकीच्या तोंडात मी बोट घातलं तर बोटाला लाल लागलं. त्याने लगेच फडकं पुढे केलं, म्हणाला वेल्डिंगची घाण आहे, दोनदा भरली की निघून जाईल. आणि मी बोट पुसून टाकलं! नव्या टाकीला आतून गंज येतो का कधी? बाहेरच्या रंगाला थिनरचा वास येत होता, जुनी टाकी रंगवलेली आहे हे ओरडून सांगत होतं सगळं. पण पाईप जोडून झाले होते, संध्याकाळचं भाडं ठरलेलं, माल भरायला माणसं खोळंबलेली, त्या घाईत दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केलं असतं.

पंपावर ८८ लिटरलाच डिझेल वर आलं, मी त्या पोराशी भांडलो की मीटर मारतोस म्हणून, त्याचा काही दोष नव्हता. नंतर टेप लावली, ७५ बाय ४० बाय ३० सेंटिमीटर, तिन्हीचा गुणाकार भागिले हजार, म्हणजे ९० लिटर. पैसे देण्याआधी टेप लावा.

तीन आठवड्यांत गाडी ओढेना. मेकॅनिकने फिल्टर कापून दाखवला, आत लाल चिखल आणि पाणी. कॉमन रेल इंजिनात मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला बारीक कणसुद्धा चालत नाही, दोन बदलले, दोन साफ केले, ३१,४००. ब्रीदरच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याच्या वाटेच्या, नावाखाली झाकणाला नुसतं भोक पाडलेलं, पावसाचं पाणी तिथूनच आत. डिझेल हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे लागतात, एकही नव्हता. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याची टाकी कोणी गळ्यात मारत असेल तर अजिबात घेऊ नका, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि फिल्टर चोक करतं.

मग आरटीओत फिटनेस तपासणीला गाडी नेली. फिटरने पासिंगचा म्हणून दिलेला लॅमिनेशन केलेला कागद दाखवला तर त्यावर माझा चासी नंबरच नाही. परवानगी न घेता गाडीत बदल केला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं आणि ५,००० दंड, मलाच. टाकी काढायचे १,२०० वेगळे. बदल खरंच मंजूर असेल तर आरसीवर नोंद येते, बाकी कुठल्याही कागदावर विश्वास ठेवू नका.

मी विचारलं, अहो, ज्याने बनावट कागद दिला त्याचं काय? तर आरटीओवाले म्हणाले, फिटर आमच्या अखत्यारीत येत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा दोन तास बसवून सांगितलं दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा उलट मलाच, पासिंगला रोख दिलेत म्हणजे तुम्हीच लाच दिलीत! फसवणारा तिकडे राजरोस दुकान चालवतोय आणि रोजचं भाडं बुडवून दारोदार फिरायचं मी? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथेही तेच, बिल अपलोड करा. ग्राहक आयोगातला एक जण म्हणाला गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. हे साफ खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकच आहे, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, कोणी असं सांगितलं तर मागे फिरू नका.

मी तक्रार टाकतोय. फोनवरच्या २६,००० चा स्क्रीनशॉट आहे, रोख ४,००० चा काहीच पुरावा नाही. टाकी घराच्या मागे ठेवलीय, भंगारवाला ६०० देतो म्हणाला, दिली नाही. आतला गंज तसाच राहू दिलाय, आयोगात तोच दाखवणार आहे.